काकांचा प्रोग्रॅम

“काका, पुन्हा एकदा चालवून बघू या का? मला यात काहीतरी घोळ वाटतोय,” विभागप्रमुख बाई म्हणाल्या.

काकांनी चष्मा काढून डोळे चोळले. “कितीदा चालवलं, मॅडम. घोळ नाही. आपला हरलाय.”

‘आपला’ म्हणजे काकांचा प्रोग्रॅम. समुद्राच्या लाटांचा अभ्यास करणारी ती संस्था. तिथे कित्येक संगणक एकमेकांना जोडून एकाच कामाला जुंपलेले असत. वेड्यावाकड्या लाटेतून साध्या लहरी सुट्या करून दाखवणारे फूरिए रूपांतराचे गणित त्यांच्यावर सतत चाले. ते गणित सगळ्या संगणकांत वाटून देणारा प्रोग्रॅम काकांनी तरुणपणी लिहिला आणि उभा जन्म त्याचीच डागडुजी करण्यात घालवला. लेक जन्मली तेव्हाही ते दवाखान्यात नव्हते, मशीनरूममध्ये होते. बायकोने त्या प्रोग्रॅमचे नावच ‘सवत’ ठेवले होते.

आता बाहेर एक तयार प्रोग्रॅम फुकट मिळू लागला होता. दोघांचा वेग मोजून अहवाल द्यायचे काम बाईंनी काकांनाच दिले. त्यांना वाटले, काकांच्या हातून झालेले बरे.

छोट्या गणितात दोघे बरोबरीने पळाले. पण गणित मोठे केले, संगणक वाढवले, की काकांचा प्रोग्रॅम धापा टाकू लागे. अर्ध्या वाटेवर प्रत्येक संगणकाला आपल्याकडचा थोडा थोडा हिस्सा बाकी सगळ्यांना पोचवावा लागतो. तिथे कोंडी होई आणि सगळे एकमेकांची वाट बघत बसत.

“असं करा,” बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “छोट्या गणितांचेच आकडे द्या. तुम्ही निवृत्त होईस्तोवर चालू दे तुमचाच. कोण विचारतंय?”

काका नुसतेच हसले.

बाई गेल्यावर ते सगळ्या सेटिंग पुन्हा तपासायला बसले आणि एका ठिकाणी थबकले. नवा प्रोग्रॅम घाईत बसवला होता. तो प्रत्येक संगणकाची निम्मीच ताकद वापरत होता. म्हणजे एक हात बांधूनही तो जिंकला होता. हे कुणाच्या बापाला कळले नसते. काकांची बोटे कीबोर्डवर तशीच राहिली.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“जेवलात का?”

“जेवतो.”

“आवाज का असा? सवत रुसली वाटतं?”

“म्हातारी झाली गं ती.”

ती हळूच म्हणाली, “अहो, घरी या ना.”

“एवढं आटपतो नि येतो.”

त्यांनी सेटिंग दुरुस्त केली आणि पुन्हा मोजले. फरक आणखी वाढला. लहानमोठे सगळे आकडे अहवालात घातले आणि खाली लिहिले: जुना प्रोग्रॅम बंद करावा.

बाईंनी ते वाचले. “काका, अहो...”

“सही करा, मॅडम. उभं राहून पाय दुखायला लागलेत.”

जुन्याच्या जागी नवा लावायचा बदलही काकांनीच केला. एक ओळ पुसली, दुसरी लिहिली.

काही दिवसांनी दुपारी एक संशोधक बाई त्यांना मशीनरूमच्या दाराशी भेटल्या. “काका, काय जादू केलीत हो? माझं गणित जेवून येईपर्यंत संपलंसुद्धा! एरवी दुसरा दिवस उजाडतो.”

“जादू कसली! थोडी अडगळ होती, ती काढली.”

त्या हसत निघून गेल्या. आत पंखे एकसुरात घुमत होते. काका भिंतीला टेकून थोडा वेळ ते ऐकत राहिले.