नारीनच्या पडवीतला पाइप

मी एक जुना लोखंडी पाइप आहे, मित्रांनो. अंगावर जोडकामाचे डाग आहेत आणि त्यांची मला लाज वाटत नाही. कारखान्यातलं फारसं आठवत नाही. आठवतो तो शेरकुल. त्याने मला नारीन या डोंगरातल्या थंड गावातल्या आपल्या घरात, पडवीतून स्वयंपाकघरापर्यंत नेलं. नळाला पहिलं पाणी आलं तेव्हा त्याच्या बायकोने, बुरुलचाने, ओंजळभर पाणी आधी माझ्याच अंगावर शिंपडलं. असा मान कोणत्या पाइपाला मिळतो?

हिवाळ्याआधी शेरकुल मला जुना नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीची जाड घोंगडी, गुंडाळायचा आणि पडवीच्या खिडकीच्या फटीत लोकर कोंबायचा. बुरुलचा हसायची, "मला कधी एवढ्या प्रेमाने शाल पांघरली नाहीत!"

"तू नुसती तडकतेस गं. हा फुटेल!"

खरंच होतं ते. नुसत्या थंडीशी माझं जमतं. ती हळूहळू येते, तोवर कुणीतरी नळ सोडतं. वारा मात्र मेला लुटारू! अंगाभोवतीची ऊब ओरबाडून नेतो. मग आतलं पाणी भराभर गोठतं, फुगतं आणि माझा जीव कासावीस होतो.

शेरकुल गेला. नमदा विरला. मुलगी जिपार मॉस्कोत कामाला, चार वर्षं तिचा आवाज फक्त फोनवर. यंदा ती येणार म्हणाली आणि बुरुलचाला दिवस पुरेनासा झाला. हिवाळ्याची मेंढी कापली, जिपारच्या वाट्याचं मांस, इथे सगळेच करतात तसं, थंडीत गोठून टिकावं म्हणून पडवीत टांगलं. पण रजा पुढे गेली. एकदा, दोनदा. मांस मऊ पडायला लागलं, तशी बुरुलचाने फटीतली लोकर उपटली आणि खिडकी सताड उघडली.

"राहू दे कडक. माझी पोर खाईल."

कोपऱ्यातल्या माझ्याकडे तिचं लक्षच गेलं नाही. दुपारी खोऱ्यातून वारा सुटला आणि संध्याकाळपर्यंत मी उभा चिरलो.

दोन दिवसांनी जिपार आली, तर नळ कोरडा.

"आपा, मांसासाठी पाइप फोडलास?" आमच्याकडे आईला, आईसारख्या कुणालाही आपा म्हणतात.

"मग काय, चार वर्षांनी आलेल्या लेकीला नुसतं पाणी पाजू?"

दोघी हसल्या आणि मग गळ्यात पडून रडल्या.

रजा आठच दिवसांची. पण जिपार म्हणाली, "पाणी सुरू झाल्याशिवाय मी हलत नाही." खालच्या गल्लीतून ती डबे भरून आणायची. त्या पाण्याचा चहा पिऊन बुरुलचा म्हणायची, "असा चहा जन्मात प्यायले नव्हते!" वीस वर्षं पाणी मी दिलं, मित्रांनो! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

नळजोडणी करणारा ओमुरकान मला तपासून म्हणाला, "तासाभराचं काम. उद्या येतो."

जिपार आत गेली तशी बुरुलचाने त्याची बाही धरली. "बाळा, तुला पुष्कळ कामं असतील ना? माझं सगळ्यांच्या शेवटी कर."

ओमुरकानने हत्यारं पिशवीत टाकली. मग आत ऐकू जाईल असं ओरडला, "आपा, सामानच मिळत नाही हो! पंधरा दिवस तरी धरा!"

तेव्हापासून मी रिकामा उभा आहे. पाण्याची आठवण येते, फार येते. मित्रांनो, थंडीआधी तुमच्या घरच्या पाइपांना पांघरूण घाला, फटी बुजवा, वाऱ्याला आत शिरू देऊ नका. मला जोडायची मात्र घाई नको. जिपार अजून घरात आहे.