मास्तरांचा गंधार

पुष्पलताच्या कानाचं कौतुक गोपाळरावांच्या घरात जरा अतीच होतं. पाहुणा आला की चहाच्या आधी पोरीला बाहेर बोलावलं जायचं. कुणी तांब्यावर टिचकी मारायचा, कुणी सिनेमातल्या गाण्याची ओळ गुणगुणायचा, आणि ही दाराला टेकून उभ्या उभ्या ‘सा रे ग, ग प म ग’ असं सगळं सुरांच्या नावानिशी सांगून टाकायची. गोपाळरावांचं सीताबर्डीला स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान. बर्नरच्या फरफरीपलीकडे त्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नसे, पण अशा वेळी ते असे छाती फुगवून बसायचे, जणू सातही सूर त्यांच्याच दुकानात तयार झाले होते.

पोरीजवळ दुसरं होतं काय म्हणा. मॅट्रिकला गणितात गटांगळ्या खाल्लेल्या, शिवणाच्या वर्गात सुई कापडापेक्षा बोटातच जास्त जायची, रूप चारचौघींसारखं. कान हीच तिची कमाई. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा गर्वही होता.

तिच्या मामानं कलकत्त्याहून एक हवाइयन गिटार आणली होती. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात, उजव्या हातात नख्या घालून तारा छेडतात आणि डाव्या हातातला गुळगुळीत लोखंडी रूळ तारेवरून सरकवतात. रूळ जिथे थांबेल तिथला सूर. त्या काळी, म्हणजे बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला, या वाद्यावर सिनेमाची गाणी वाजवणाऱ्याला गणपतीत मोठा मान असायचा. रामदासपेठेत भैयाजींचा ऑर्केस्ट्रा होता. त्यांचा गिटारवाला मुंबईला निघाला होता. भैयाजींनी एका लग्नघरात पुष्पलताचा कान पारखला आणि म्हणाले, वर्षभरात हात बसवून ये, जागा तुझीच. त्या रात्री पोरीला झोप लागली नाही. आपल्या कानाचा घराबाहेर कुणाला तरी उपयोग आहे, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मास्तर मिळाले ते चंद्रभान मास्तर. प्रताप नगर तेव्हा नवंच वसत होतं. घरं थोडी, मोकळे प्लॉट जास्त. त्यातल्या शेवटच्या घरात मास्तर आणि त्यांच्या पत्नी सुभद्राबाई, दोघंच राहत. मास्तरांचं नाव मोठं होतं. एकेकाळी त्यांची गिटार ऐकायला लोक रस्त्यावर सतरंज्या टाकून बसत, असं जुनी माणसं सांगत. अलीकडे मात्र ते कुठे वाजवत नसत, आणि का वाजवत नाहीत हे कुणी विचारतही नसे.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी तिची गिटार मांडीवर घेतली आणि तारांखालच्या पट्टीवर काळं कापड सरसानं चिकटवून टाकलं. त्या पट्टीवर सुरांच्या जागा दाखवणाऱ्या धातूच्या रेघा असतात. मास्तरांनी त्या साऱ्या झाकल्या. रेघा पाहून वाजवतो तो डोळ्यांनी वाजवतो, म्हणाले. त्यांची रीत वेगळी होती. आधी गाणं ऐकायचं, मग त्याचं सरगम तोंडानं म्हणायचं, आणि तोंडातलं सरगम मास्तरांनी पास केल्याशिवाय रुळाला हात लावायचा नाही. घरात पेटी नव्हती. पेटीचे सूर खोटे, कान नासवतात, असं त्यांचं ठाम मत होतं. तिनंही वर्षभर पेटीजवळ जायचं नाही आणि रेडिओ लावायचा नाही, असं त्यांनी वदवून घेतलं. सूर ऐकायचा तो फक्त त्यांच्याकडूनच. पुष्पलताला हे फार भारदस्त वाटलं. खऱ्या गुरूचं असंच असतं, असं तिनं घरी सांगितलं, आणि गोपाळरावांनी रेडिओ उचलून दुकानात नेऊन ठेवला.

कुरबुर सुरू झाली ती गंधारावरून. ती ‘सा रे ग’ म्हणायची आणि ‘ग’ला मास्तर हात वर करायचे. चढव. ती थोडा चढवायची. अजून चढव. तिच्या कानाला कळत होतं की सूर केव्हाच ओलांडला, आता तो उंबऱ्याबाहेर उभा आहे. पण मास्तर मान वाकडी करून, कान तिच्या तोंडाशी आणून, डोळे मिटून बसलेले असत, आणि तो कर्कश झालेला गंधार ऐकला की त्यांचा चेहरा शांत व्हायचा. एकदा तिनं धीर करून म्हटलं की मास्तर, मले तो पहिलाच बरोबर वाटतो. मास्तर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“तुह्या कानाले लोकायनं लाडावून ठेवलं आहे,” ते हळूच म्हणाले. “आता तो माह्याजवळ ठेव.”

तिनं ठेवला. गंधारामागून निषादही चढला, मग तारसप्तकातलं सगळंच. बसमधून घरी येताना तिचं डोकं ठणकायचं. एखादवेळी वाटायचं, उठून सरळ सांगावं की हे बेसूर आहे. पण चंद्रभान मास्तरांना बेसूर म्हणणारी ती कोण? आणि वर्ष तर सरत चाललं होतं.

मास्तरांच्या घरात आणखी काही गोष्टी तिच्या ध्यानात येत होत्या, पण ध्यानात येणं वेगळं आणि समजणं वेगळं. सुभद्राबाई नवऱ्याला कधी हाक मारत नसत. समोर येऊन उभ्या राहत किंवा दंडाला हात लावत. दूधवाला दारात ओरडून घसा कोरडा करायचा आणि मास्तर त्याच्यापासून दोन हातांवर बसून तार पुसत राहायचे. पुष्पलताला वाटायचं, केवढी ही तंद्री.

थंडी सरत आलेली असताना एका दुपारी मास्तर खिडकीकडे तोंड करून तारा जुळवत होते. सुभद्राबाई चहा घेऊन आल्या, कप तिच्यापुढे ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या. मग मास्तरांच्या अगदी पाठीमागे, चांगल्या मोठ्या आवाजात बोलल्या.

“तू दुसरा मास्तर पाहा बाई. यायले आता बरोबर ऐकू येत नाही. तरुणपणी कामठीले माग चालवले, त्या खडखडाटानं कान गेले. वरचे सूर तर यायच्यापर्यंत पोचतच नाही.”

पुष्पलतानं मास्तरांकडे पाहिलं. ते खुंटी पिळत होते. मान वाकडी, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर तेच समाधान. त्यांच्या पाठीला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. सुभद्राबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या आत निघून गेल्या. तार वर वर चढत राहिली.

आता कुणीही शहाणी मुलगी तिथून उठली असती. पुष्पलता उठली नाही, आणि त्याला कारण तिचा गर्व. तिनं मनाशी हिशेब मांडला. मास्तरांचा कान गेला असेल, माझा तर शाबूत आहे ना? त्यांच्याकडून रुळाची सफाई घ्यावी, मींड घ्यावी, नख्यांचा हात घ्यावा. गंधार त्यांच्यासमोर त्यांचा म्हणावा, आणि भैयाजींपुढे आपला. जातो कुठे आपला गंधार? शिवाय म्हाताऱ्याची दयाही आली तिला. एक तेवढीच शिष्या उरली होती. तीही गेली तर तो माणूस कुणापुढे बसणार? दया आणि गर्व अशा जोडीनं आले की माणसाला आपण फार चांगलं वागतोय असं वाटतं. ती जात राहिली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी ते घडलं. मास्तरांनी एका गाण्याचा अंतरा म्हणून दाखवला आणि तिनं सरगम म्हटलं. मास्तरांचा हात वर गेला नाही. तिनं रूळ घेतला, तोच अंतरा वाजवला, आणि गंधार कानाला टोचला नाही. गोड लागला. तिनं पुन्हा वाजवला. गोडच. डोकं ठणकलं नाही, छाती भरून आली. मास्तरांनी डोळे उघडले, बऱ्याच महिन्यांनी ते हसले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आत सुभद्राबाई भांडी घासत होत्या, त्यांचा हात थांबला. पुष्पलताला वाटलं, आज हात बसला. आनंदानं ती बसस्टॉपपर्यंत अक्षरशः पळत गेली.

भैयाजींची तालीम रामदासपेठेतल्या एका बंगल्यामागच्या गॅरेजात चालायची. वर्ष भरल्यावर ती तिथे गेली तेव्हा ऐन दुपार होती, पत्रा तापलेला, पंखा नुसता फिरत होता. पेटीवर रुपराव नावाचा बुटका, आनंदी माणूस होता. त्यानं सा धरला. पुष्पलतानं आपली तार त्याला लावली, नमस्कार केला आणि गाणं सुरू केलं. रूळ असा सरकला की भैयाजींनी मान डोलावली. मग अंतरा आला. रुपरावनं चमकून पेटीवरचा हात उचलला आणि तिच्याकडे पाहिलं.

त्यांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच अडलं. पुष्पलताला तर वेगळाच संताप आला होता, कारण पेटीचा गंधार मेल्यासारखा खाली पडत होता. तिनं रूळ उचलला.

“दादा, तुमची पेटी उतरली आहे,” ती म्हणाली.

रुपराव हसला नाही. पेटी कालच दुरुस्त होऊन आली होती. भैयाजींनी कोपऱ्यातल्या माणसाला बासरीवर तोच सूर द्यायला सांगितला. तो पेटीचाच सूर निघाला. तिच्या कानाला तोही तितकाच उतरलेला होता. मग भैयाजींनी स्वतः गाऊन दाखवलं, त्यांचाही तसाच. गॅरेजातली सगळी माणसं एका सुरात होती आणि ती एकटी बाहेर होती. ठीक आहे, आता आपला गंधार लावू, तिनं ठरवलं. डोळे मिटले. तो सूर, जो ती लहानपणी झोपेतही सांगायची, तो तिनं आत शोधला. तिथे मास्तरांचा गंधार बसलेला होता. दुसरा कुणी नव्हता.

भैयाजींनी गिटार जवळ ओढली आणि नखानं ते काळं कापड उकरून काढलं. मग तिला गंधारावर रूळ ठेवायला सांगितला. रूळ रेघेवर नव्हता. रेघेच्या चांगला पुढे होता. तिनं तो मागे ओढून रेघेवर आणला, तार छेडली, आणि तोंड वेडंवाकडं केलं. कारण कानाला तो बेसूर लागला.

“कोणाजवळ शिकली?” भैयाजींनी विचारलं. तिनं नाव सांगितलं.

“तुह्या आधी त्यायचे दोघं आले होते,” ते म्हणाले. “मले वाटलं, त्या पोट्ट्यायचेच कान कच्चे असतील. तेही असंच म्हणाले होते. पेटी उतरली आहे म्हणून.”

तिनं विचारलं की हे सुधारतं का. ते दोघं सुधारले का. भैयाजींनी रुपरावकडे पाहिलं, रुपरावनं पेटीचा भाता बंद केला. एकाला तर आता कुठलंच गाणं ऐकवत नाही, एवढं भैयाजी बोलले, आणि तिला रिक्षा करून द्यायला त्यांनी माणूस पाठवला.

ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. गोपाळराव दुकानातून यायचे होते. माय चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती आणि आपल्या माहेरचं एक जुनं गाणं गुणगुणत होती. मायला अक्षरओळख नव्हती, पण गळा असा सरळ होता की शेजारच्या बाया कामं टाकून ऐकत. ती कधी बेसूर झाली, असं पुष्पलतानं जन्मात ऐकलं नव्हतं. आता ती उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. ओळ वर चढायची आणि प्रत्येक वेळी त्याच जागी खाली घसरायची. तिला रडू आलं. मायचा गळा चुकत नाहीये, हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून काही उपयोग नव्हता.

“माय,” ती म्हणाली, “नको गाऊ वं.”

माय थांबली. काहून, काय झालं, म्हणून तिनं वळून विचारलं. पोरगी उन्हातून आली, थकली असेल, असं मायला वाटलं. तिनं पाण्याचा लोटा पुढे सरकवला, तव्यावरची भाकरी उलटली, आणि सवयीनं, अगदी हलक्या आवाजात, ती पुन्हा गाऊ लागली. पुष्पलता तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं दोन्ही हातांनी कान घट्ट दाबून धरले.