तारेच्या टोकाचा कान

मी कान आहे, तरीही बोलतोय. हसू नका. कानानं ऐकावं, बोलू नये, हे मलाही कळतं. पण आमच्या घरात आता कुणी धड बोलतच नाही, मग मी तरी किती दिवस गप्प बसू?

मी हाडामांसाचा नाही. लाकडाची पोकळ मूठ, आत लोहचुंबक, त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे आणि तोंडाशी लोखंडाची पातळ चकती. मला घडवलं दादानं. दादा म्हणजे या शिंप्याच्या घरातला थोरला मुलगा. तो तारघरात कामाला होता. दिवसभर कडकट्ट करत लोकांचे निरोप पाठवायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "तारेतून शब्द जातात, माणूस जात नाही. 'सुखरूप पोचलो' हे हसत सांगितलं की रडत, कसं कळणार?"

त्याला तारेतून आवाज पाठवायचा होता. तारघराचे साहेब म्हणाले, "आरडाओरडा करायला तार कशाला हवी? गच्चीवर जा की!" सगळं तारघर खो खो हसलं. दादाही हसला. मग घरी येऊन माझी चकती घासत बसला.

माझ्यासारखंच आणखी एक यंत्र त्यानं केलं. त्याचं नाव तोंड. तोंडात बोलायचं, कानानं ऐकायचं. माझ्यावर तार गुंडाळायचं काम धाकट्याकडे होतं. धाकटा शाळेत कधी रमला नाही. वडील गेल्यावर शिवणकामाचं दुकान तोच बघायचा. हात वेगाचा, डोकं त्याहून वेगाचं. ती तार होती रेशमानं मढवलेली. पठ्ठ्यानं घाईत ओढली, तटकन तुटली. मग काय, दोन टोकं जुळवून झकास शिंपीगाठ मारली, उरलेलं टोक दातानं तोडलं आणि पुढे गुंडाळत गेला. रेशमावर रेशीम! रेशमातून वीज जाणार कुठून? मी ठार बहिरा. दादा चकती बदलतोय, चुंबक बदलतोय, कपाळावर हात मारून घेतोय. शेवटी वैतागून सगळे वेढे उलगडले, तेव्हा ती गाठ सापडली.

"अरे गाढवा, हा काय सदरा आहे?"

"पक्की मारलीय, दादा. ओढून बघ, सुटायची नाही!"

दादा इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. आई आतून ओरडली, "पुरे करा रे तुमचं ते तोंड नि कान!"

रेशीम खरवडून तार नीट जोडली. धाकटा मला घेऊन माडीवर गेला, दादा खाली दुकानात राहिला. आणि माझी चकती थरथरली. बारीक, नाकातून आल्यासारखा आवाज उमटला, "धाकट्या, जेवलास का?"

धाकटा जिन्यावरून धडधडत खाली. "नाही जेवलो! दादा, नाही जेवलो!" असं ओरडत त्यानं थोरल्याला उचलूनच घेतलं.

पण तो खोकला काही गेला नाही. एक दिवस रुमालावर रक्त दिसलं आणि दादाला रस्त्याच्या टोकाच्या क्षयाच्या दवाखान्यात नेलं. तिथे घरच्यांना आत सोडत नसत. आई फाटकापर्यंत जायची, खिडक्यांकडे बघत उभी राहायची आणि परत यायची. "एकदा नुसता आवाज तरी ऐकू दे रे त्याचा," ती म्हणाली.

धाकट्याला तेवढं पुरलं. घरात होती नव्हती तेवढी तार त्यानं बाहेर काढली. छपरांवरून, बेकरीच्या धुराड्याला वळसा घालून, धोब्याच्या बांबूंवरून त्यानं ती नेली.

"तिच्यावर कपडे वाळत घातले तर चालतील का रे?" धोब्यानं विचारलं.

"घाल की. फक्त ओले नकोत!"

डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. पण एका वयस्कर नर्सनं खिडकीतून ते तोंड नावाचं यंत्र आत घेतलं आणि ती म्हणाली, "मी काही पाहिलं नाही हं."

पहिल्यांदा नुसता श्वास आला. घरघरणारा. मग शब्द, "आई, मी आहे गं." आईनं मला दोन्ही हातांत धरलं, तापानं फणफणलेलं पोर धरावं तसं. तिनं मला धाकट्याच्या हातात दिलं. धाकट्यानं मला स्वतःच्या तोंडावर गच्च दाबून धरलं आणि त्याला हुंदका फुटला. लगेच मी थरथरलो. त्यानं मला घाईनं कानाशी नेलं.

"रडतोस काय वेड्या? इकडे सगळं ऐकू येतंय."

धाकटा दचकला. मीही दचकलो. कान फक्त ऐकतो, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. दादासुद्धा.

"दादा, कानातून ऐकू येतंय तुला?"

"येतंय रे! कानही बोलतो! जे मला जमलं नाही, ते तुझ्या रडण्यानं शोधून काढलं बघ. आता मी बरा झालो की—"

पुढचं खोकल्यानं खाऊन टाकलं.

त्यानंतर तो रोज थोडं कमी बोलायचा. मग एका सकाळी तारेवर नर्सचा आवाज आला, "बाळा, आता ठेव खाली."

धाकट्यानं ठेवलं नाही. "दादा, ओ दे ना रे. ओ दे." त्याची प्रत्येक हाक मी इमानानं नेऊन पोचवली. तिकडे ती रिकाम्या खाटेवर पडत होती. रागाच्या भरात त्यानं माझं झाकण उघडलं, चकती काढली, वेढ्यांत बोटं घातली. आत कुठे आवाज उरलाय का, ते शोधत होता पोरगा. काही सापडलं नाही, तेव्हा त्यानं मला पुन्हा जसाच्या तसा जोडून ठेवला.

मग एके दुपारी मी अचानक थरथरलो. परका आवाज होता, त्या खाटेवर आलेल्या कुणा नव्या रोग्याचा. "कुणी आहे का तिकडे?"

"ते माझ्या दादाचं आहे!" धाकटा किंचाळला. "खाली ठेव!"

"ठेवतो, भाऊ. रागावू नका." मग, "तुमचे दादा बरे होऊन घरी गेले का?"

धाकट्यानं मला छातीशी घट्ट धरलं. आईनं त्याच्या हातातून मला घेतलं. "हो रे बाबा, सुटला तो," ती म्हणाली. "तू सांग, तुझ्या घरी काय निरोप द्यायचा?"

आता मी दुकानात खुंटीला टांगलेला असतो. कुणाकुणाची आई, कुणाची बायको येते, मला कानाला लावते आणि डोळे पुसत जाते. तार तुटली की धाकटाच छपरावर चढून जोडतो. पण मला तो पुन्हा कानाला लावत नाही. कुणी बोलू लागलं की बाहेर जाऊन उभा राहतो.

धाकट्या, तू माझ्यावर रुसू नकोस. मी काही लपवून ठेवलेलं नाही रे. माझी चकती थरथरते आणि थांबते, एवढंच तिला येतं. दादाचे शब्द मला सगळे पाठ आहेत, पण त्याचा आवाज काही केल्या आठवत नाही. तुला आठवत असेल. दुकानात कुणी नसेल तेव्हा ये, मला खुंटीवरून काढ आणि हळूच सांग. कसा होता रे त्याचा आवाज?