याह्या कातिबांचं अक्षर

कॉम्प्युटर नीट सुरू होईना, तर माणूस काय करतो? बंद करतो आणि पुन्हा चालू करतो. गयासनंही तेच केलं, आणि पुढं कितीतरी दिवस तेच करत राहिला. त्याला बोल लावायचा तर आपल्यापैकी निम्म्या लोकांना लावावा लागेल, पण भोगायचं त्याच्या एकट्याच्या नशिबी आलं.

गयास रोशन गेटजवळ राहायचा. घराच्या पुढच्याच खोलीत टेबल मांडून लग्नपत्रिका, जलशांची पोस्टरं, दुकानांच्या पाट्या उर्दू-मराठीत जुळवून द्यायचा. सगळं काम त्या एका जुन्या मशीनवर चालायचं. मध्यंतरी त्या मशीनला खोड लागली. बटण दाबलं की पंखा घरघरे, कंपनीचं नाव दिसे, ठिपक्यांचं वर्तुळ फिरू लागे, आणि फिरता फिरताच पडदा काळा होई. मग आपलं आपण पुन्हा पहिल्यापासून. दोन-चार खेपांनंतर कधीतरी गाडी मार्गी लागे. आतून टक् टक् असा बारीक आवाज यायचा. गयासला वाटे, धूळ बसली असेल. वेळ मिळाला की दुरुस्तीवाल्या शिवराजला दाखवू. तो वेळ काही मिळत नव्हता, कारण रोज संध्याकाळी अब्बांना त्यांचं अक्षर बघायचं असायचं.

अब्बा म्हणजे याह्या कातिब. मूळचे कन्नड गावचे, तरुणपणी शहरात आले आणि एका उर्दू दैनिकात कातिब म्हणून लागले. आजच्या पोरांना सांगितलं तर ती हसतात, पण उर्दू पेपर तेव्हा हातानं लिहिला जायचा. अख्खा पेपर, रोज. बोरूच्या कलमानं पिवळ्या कागदावर माणसं बातम्या लिहीत बसायची आणि मग तो कागद छपाईला जायचा. अब्बांच्या अक्षराची वट अशी की मोठा मथळा दुसऱ्या कुणाला लिहू देत नसत. पुढं कॉम्प्युटर आले, कातिब घरी बसले, आणि काही वर्षांनी पेपरही बंद पडला. जुन्या अंकांचे गठ्ठे वाळवीनं खाल्ले. वाचले त्यांत चार-पाच कातिबांचे हात मिसळलेले, शाई फुटलेली. त्यातून अब्बांचं अक्षर वेगळं काढणं म्हणजे तांदळातून तांदूळ निवडणं.

तेव्हा गयासच्या मनानं घेतलं, अब्बांच्या हाताचा फॉन्ट करायचा. मराठी माणसाला वाटेल, त्यात काय, अ आ इ ई लिहून घेतली की झालं. उर्दूत तसं चालत नाही. तिथं अक्षर शेजाऱ्यापाशी गेलं की रूप पालटतं. पुढं कोण, मागं कोण, त्यावर त्याचं वळण. म्हणून नुसती अक्षरं नव्हे, हजारो जोड लिहावे लागतात. अब्बा कुरकुरले, मग बसले. हिवाळ्यामागून हिवाळे ते लिहीत राहिले. एखाद्या ‘नून’ अक्षराची वाटी मनासारखी उतरली नाही तर पूर्ण पान पुन्हा. गयास ते पान स्कॅन करी आणि मशीनमधल्या ‘अब्बा’ नावाच्या फोल्डरात टाकी. बाप-लेक आयुष्यात एवढे बोलले नसतील तेवढे त्या हिवाळ्यांत बोलले.

लिहिणं संपलं, फॉन्ट बांधायचा अजून बाकी होता, आणि घरात कागदांचं पोतं भरलं होतं. आता कातिब जोड गिरवतो ते कशातून? अल्ला, रसूल, कुराणातल्या आयतींचे तुकडे, दुआ, यांतूनच. असा कागद रद्दीत जात नाही, पायाखाली येऊ द्यायचा नसतो. तो वाहत्या पाण्यात सोडतात. त्याला कागद ठंडे करणं म्हणतात. अब्बांचा जीव त्या पोत्यात अडकला होता. घर लहान, कुणाचा पाय लागायचा. “मशीन में आ गया ना सब? फिर ठंडे कर दे,” असा त्यांनी धोशा लावला. एका रविवारी गयासनं त्यांना रिक्षात बसवून कायगाव टोक्याच्या पुलाशी नेलं. अब्बांनी स्वतःच्या हातानं एकेक पान गोदावरीत सोडलं. घरी परतताना म्हातारा अगदी हलका झाला होता. गयासलाही वाटलं, मोठं पुण्याचं काम झालं.

एक कॉपी दुसरीकडं करून ठेवावी, एवढं त्याला कळत होतं. पेनड्राइव्ह होता, पण तो प्रेसच्या कामात गावभर फिरायचा. करू उद्या, करू परवा. तेवढ्यात अब्बांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लाकूड झाला. जीभ वळेना, आठवणी विस्कटल्या. नातवाला ते गयास म्हणू लागले. एक गोष्ट मात्र टिकली. संध्याकाळी चहा झाला की ते पुढच्या खोलीत येऊन खुर्चीत बसत आणि म्हणत, “दिखा.” गयास फोल्डर उघडून एकेक पान दाखवी. अब्बा बघत. कुठं ‘सीन’ अक्षराचा दात आखूड दिसला की डाव्या हातानं गयासच्या डोक्यात टपली मारत, जणू त्यानंच लिहिलं होतं.

म्हणून तो मशीन रोज पुन्हा पुन्हा चालू करायचा. काळा पडदा आला की अब्बा रडवेले होत, आणि ते बघवत नसे.

शेवटी एका संध्याकाळी काही केल्या वर्तुळ फिरलं नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात एकच ओळ आली, की सुरू करायला डिस्कच सापडत नाही. अब्बांना त्यानं सांगितलं, लाइट गेली. डोक्यावर पंखा फिरत होता, पण अब्बांनी मान डोलावली.

सकाळी त्यानं मशीन मांडीवर धरून रिक्षानं क्रांती चौकामागच्या गल्लीत नेलं. शिवराजचं दुकान म्हणजे उघड्या मशीनांचा ढीग आणि मध्ये एक माणूस. राहायला मुकुंदवाडीत, स्वभावानं फटकळ, हातानं चोख.

“काय गयासभाई, मशीनला लई दिवसांनी हवा खायला आणलं?”

“चालूच व्हईना. बघ बाबा, काय झालं त्याला. आत माझा सगळा जीव आहे.”

शिवराजनं झाकण काढलं. आधी वीज पुरवणारा डबा बदलून पाहिला. मग रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. आपल्याकडं निम्मी मशीनं ह्या खोडरबरावर बरी होतात. गयासला आशा वाटली. पट्टी बसवून शिवराजनं बटण दाबलं. पंखा फिरला, नाव आलं, आणि आतून टक् टक् आवाज आला. शिवराजनं झटकन वायर ओढली.

“हे कवापासून वाजतंय?”

“लई दिवस झाले.”

“आन् तुमी चालूच करत राह्यले?”

“दोन-तीनदा केल्यावर व्हायचं ना सुरू.”

शिवराजनं कपाळाला हात लावला. “अवो, आत थाळी असती. तिच्यावरनं सुई फिरती, थाळीला न टेकता. तुमची सुई टेकली. जितक्या येळा चालू केलं, तितक्या येळा तिनं थाळी खरवडली. पहिल्या दिवशी आणली आसती तर सगळं काढून दिलं आसतं.”

अब्बांना रोज त्यांचं अक्षर दाखवता यावं म्हणून गयास बटण दाबत होता, आणि दर बटणाला तेच अक्षर खरवडून निघत होतं.

शिवराजनं डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. बराच वेळ काही नाही. मग अचानक पडद्यावर तिचं नाव उमटलं आणि फोल्डरांची रांग दिसली. लग्नपत्रिका. पोस्टरं. अब्बा.

“ते! ते आधी घे, शिवराज!”

शिवराजनं ‘अब्बा’ उचलून आपल्याकडं ओढलं. हिरवी पट्टी थोडी पुढं सरकली. गयास मनातल्या मनात दुआ पुटपुटत होता. पट्टी थांबली. टक्. टक्. मग आवाजही थांबला आणि फोल्डरांची रांग पडद्यावरून नाहीशी झाली. शिवराजनं डिस्क निववून पुन्हा जोडली, दुसरी वायर लावली, दुसऱ्या मशीनला लावून पाहिली. ती पुन्हा काही बोलली नाही.

जे थोडं आलं होतं ते शिवराजनं उघडलं. फायलींची नावं होती, आत काहीच नव्हतं.

“गयासभाई, कागदं आसतील ना घरी? पुन्ना स्कॅन करू. मी येतो हाताखाली.”

“कागद गोदावरीत सोडले. अब्बांनीच, त्यांच्या हातानं.”

देवाच्या नावाचं घरात ठेवायचं नाही, पाण्यात सोडायचं, हे शिवराजला कुणी समजावून सांगायला नको होतं. त्याच्या घरी गणपती बसायचा. “ते बरोबरच केलं तुमी,” एवढंच तो म्हणाला. मग त्यानं डिस्क पुण्याला पाठवली. तिथं बंद खोलीत डिस्क उघडून बघतात. महिनाभर गयासचा जीव टांगणीला लागला. डिस्क परत आली ती उत्तर घेऊनच: थाळीवर काही उरलेलं नाही.

इकडं घरी रोज संध्याकाळी खुर्चीतून प्रश्न यायचा, “चालू हुआ क्या?” आणि गयास रोज सांगायचा, दुरुस्तीला दिलंय. अब्बांचं जेवण तुटलं. दिवसभर भिंतीकडं बघत पडायचे. अख्तरी, गयासची बायको, एके दिवशी म्हणाली, “सांगून टाका त्यांना. किती दिवस झुलवणार?”

“तू सांग मग,” गयास खेकसला. तिनं काही सांगितलं नाही.

धंदा तर चालवायलाच हवा होता. शिवराजनं एक मशीन जुळवून दिलं आणि गयासनं त्यावर बाजारातला तयार उर्दू फॉन्ट टाकला, जो सगळ्या पत्रिकांत असतो तोच. अब्बांना त्या फॉन्टचा भयंकर तिटकारा. मुर्दा म्हणायचे त्याला. भाच्याच्या लग्नाची पत्रिका त्यात छापली म्हणून भर मांडवात भाच्याला चार शब्द सुनावले होते.

संध्याकाळी अब्बा येऊन बसले. “दिखा,” म्हणाले.

गयासकडं दाखवायला दुसरं काही नव्हतं. त्यानं त्या तयार फॉन्टात जोड टाइप केले, नेहमीच्याच क्रमानं, मोठे करून पडदाभर मांडले. फसवतोय ह्याची लाज वाटत होती, आणि त्याहून मोठी आशा अशी की अब्बा आत्ता ओळखतील. खुर्चीतून उसळतील, शिव्या देतील, टपली मारतील. मारावीच त्यांनी. मग तो त्यांच्या पायांवर डोकं ठेवून सगळं सांगणार होता.

अब्बा पुढं झुकले. डावा हात उचलून त्यांनी पडद्यावरच्या नूनवरून बोट फिरवलं.

“किसका हाथ है ये?”

“तुम्हाराच, अब्बा.”

अब्बा बघत राहिले. एक पान, दुसरं, तिसरं. कुठंही बोट अडलं नाही. मग त्यांचा चेहरा खुलला, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा.

“अच्छा लिखता था मैं,” ते म्हणाले.

गयासनं मान खाली घातली. डिस्क गेली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता ते थांबेना. याह्या कातिबांचं अक्षर ओळखणारा एक माणूस तरी जगात आहे, हाच एवढे दिवस त्याचा आधार होता.

अख्तरी चहा घेऊन आली. अब्बांनी तिला पडदा दाखवला, कप घेतला आणि सावकाश संपवला. उठताना त्यांनी गयासच्या खांद्यावर हात ठेवला.

“कल भी दिखा, बेटा.”

“हौ, अब्बा.”