डोळे मिटायची दहा मिनिटं

बाईंच्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात शेवटची दहा मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि ज्याला वाटेल त्याने इंग्रजीत एक स्वप्न सांगायचं. नियम बाईंनाही लागू होता. रोज त्याच चार बडबड्यांना स्वप्नं पडत. मागच्या बाकावरची ‘मौनीबाबा’ तीन महिन्यांत चकार शब्द बोलली नव्हती.

तिच्या आत्याने सकाळीच बाईंना सुनावलं होतं, “आज बोलली नाही तर वर्गातून नाव काढून घेते. गप्पच बसायचं तर घरी बसेल की!”

त्या दुपारी पंख्याच्या संथ घरघरीत एक अनोळखी आवाज तरंगत आला. शाळा पाण्याखाली गेली होती, बाकांवर मासे बसले होते आणि फळ्यावरची अक्षरं सुटून वर चालली होती. क्रियापदं चुकत होती, पण माशांची काही तक्रार नव्हती. बाईंच्या पापण्या शिवशिवल्या. डोळे उघडले तर आवाज विरेल, म्हणून त्यांनी ते घट्ट मिटून घेतले.

घंटा झाली. नाव काढायला आलेली आत्या दारातच खिळली होती.

“कोण बोललं, मी पाहिलं नाही हो,” बाई म्हणाल्या.

“मी पाहिलं ना! मला मेलीला मासे तेवढे कळले.” आत्याने आवाज खाली आणला. “बाई, पुढे काय झालं त्यांचं?”

“उद्या पाठवा, म्हणजे कळेल.”