पंपगृहातल्या परिवर्तकाची बाजू

‘पंपगृहातील विद्युत परिवर्तक जीर्ण होता व ऑपरेटरच्या दुर्लक्षामुळे जळाला,’ असे अहवालाने ठरवले आहे. मित्रांनो, तो परिवर्तक मी. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझी जुळणी होऊन पुरते पाच उन्हाळेही झालेले नाहीत. इतक्या कोवळ्या वयात जीर्ण होण्याचा मान फक्त अहवालांतच मिळतो.

उंब्रजच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या उपसा योजनेच्या पंपाला मी वीज देत असे. एका दमात नव्हे, जिना चढावा तशी थराथराने. वाहिनीतला विजेचा दाब एकाएकी कोसळला की माझे थर डळमळतात आणि दाब परतताना प्रवाहाचा लोंढा आत घुसतो. म्हणून अशा वेळी दारे मिटून थांबायचे, हेच माझे संरक्षण.

त्या थांबण्यानेच मी बदनाम झालो. उसाला पाणी पाळीने मिळते, पाळी घड्याळावर चालते आणि वाया गेलेला वेळ कुणी भरून देत नाही.

“लाइट जरा हलली की पदर घेतंय. लय लाजरं हाय!” योजनेच्या शेवटच्या गावचे शेतकरी सयाजीआण्णा हसत. एरवी माझ्याशी बोलणारे कोणी नव्हते. ऑपरेटर दीपमाला तेवढी जाळीवरची धूळ पुसताना गुणगुणे.

एका दुपारी अभियंता लालासाहेब आले आणि माझे संरक्षण बंद करू लागले.

“साहेब, नका हो. दाब घसरला तर जळंल हे!”

“तू पंप बघ, जा.”

दाब घसरला, परतला आणि मी जळालो.

आता मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतो. माझ्या पोटात पाली राहतात. त्या गुणगुणत नाहीत. मित्रांनो, वेळेवर थांबणाऱ्याला भित्रा म्हणू नका. त्याचे थांबणे सांभाळा.

अहवालानंतर दीपमालाला कामावरून काढायचे का, याची सुनावणी माझ्यासमोरच झाली. संरक्षण कोणी बंद केले, हे लालासाहेबांना ठाऊक नव्हते म्हणे. तेवढ्यात सयाजीआण्णा पुढे झाले.

“आवं सायेब, आमच्या पाळीला हे कैकदा थांबलं, तवा कुणी बंद केलं न्हाई. त्या दिशी पाळी कुणाची हुती, तेवढं इचारा की.”

चौकशी अधिकाऱ्यांनी पाळ्यांची वही मागवली आणि विचारले. लालासाहेबांचे उत्तर शब्दशः देतो:

“माझ्याच मळ्याची. हे मधेच थांबलं असतं, म्हणून संरक्षण मी बंद केलं. पोरगी नको म्हणत होती.”