तेरा सेकंदांचा गजर

आमच्या पॅकिंग खात्यात एक जुना करार होता, कागदावर नसलेला. कोणी घड्याळ घेऊन वेळ मोजायला आलं की हात जड करायचा. कामचुकारपणा नव्हता तो. एकदा घड्याळाला वेग कळला की तोच रोजचा होतो, मग त्याच्यामागे वयाची, दुखणाईत बाई धावणार कशी? मी स्वतः नऊ वर्षं त्या बाकावर बसून पितळी नळ खोक्यांत भरलेत, त्यामुळे सुपरवायझर झाल्यावरही तो करार मला पाठ होता. तो मीच मोडला, आणि तोही देवाचं नाव घेऊन.

कारखाना डोंबिवली एमआयडीसीत, ऑफिस ठाण्याला. गेल्या वर्षी ठाण्याहून हर्षित साहेब आले. तिशीच्या आतले, बोलायला गोड.

"गुणाजीकाका, सोपं आहे. एका खोक्याला किती सेकंद लागतात ते काढायचं. त्यावर नॉर्म, म्हणजे सगळ्यांना एकच ठरलेला वेग. नॉर्मच्या वर जी भरेल तिला इन्सेंटिव्ह. आणि नॉर्म जेवढा टाइट बसेल तेवढा तुम्हालापण."

मी स्टॉपवॉच घेऊन बाकांमधून फिरलो. नळ कागदात गुंडाळायचा, वॉशरची पुडी टाकायची, खोकं बंद करून चिकटपट्टी मारायची. नेहमीच्या हाताला वीस सेकंद लागतात. त्या दिवशी सगळ्यांना पंचवीस लागत होते. तुळसा तर पट्टी अशी मारत होती, जशी नवऱ्याची जखम बांधतेय.

"काय गं तुळसा, आज बोटांना मेंदी लावलीस काय?" मी म्हटलं.

"नाही हो, वय झालं," ती म्हणाली, आणि आख्खी ओळ तोंडाला पदर लावून हसली.

मीही हसलो. पण हर्षित साहेब काचेआडून बघत होते, आणि मला त्यांच्यासमोर हुशार दिसायचं होतं. पैशाचाही मोह होताच. मनाला मी सांगितलं, बायकांनाही चार पैसे जास्त मिळतील की.

मग मी मालनताईंच्या मागे जाऊन उभा राहिलो.

मालनताई माझ्याच विठ्ठलवाडीच्या. दर गुरुवारी मंदिरात कीर्तन असतं, मी बुवांच्या मागे टाळ धरतो आणि त्या बायकांत पहिल्या ओळीत बसतात. गेली बारा वर्षं मी बघतोय, निरूपण संपून बुवांनी नामाचा गजर उचलला की या बाईला भान राहत नाही. लय चढते तशी टाळी चढते. आम्हा टाळकऱ्यांचा हात एखादवेळ मागे पडेल, त्यांचा नाही. बुवा एकदा म्हणालेले, ही टाळी वैकुंठात ऐकू जात असेल.

मी ते जाणून होतो. जाणूनच हातातल्या, कागद लावलेल्या फळीवर पेनाने ठेका धरला आणि तोंडातल्या तोंडात "विठ्ठल विठ्ठल" सुरू केलं. आधी संथ, मग थोडं चढं. मालनताईंनी मागे वळून पाहिलं नाही, फक्त त्यांचे ओठ हलायला लागले. मी लय वाढवली. हात लयीवर आले. कागद, पुडी, झाकण, पट्टी. बाईंच्या चेहऱ्यावर मंदिरातलं तेच सुख होतं. मी घड्याळाचं बटण दाबलं.

तेरा सेकंद. सलग वीस खोकी, तेरा सेकंद.

तोच आकडा मी साहेबांना दिला आणि सगळ्यांचा नॉर्म तेरावर बसला. माझं इन्सेंटिव्ह पहिल्याच महिन्यात आलं. बायकांपैकी एकीचंही आलं नाही.

डबा खायच्या वेळी मालनताईंच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

"या बाई, फास्ट लोकल," त्याच ओळीतली दर्शना म्हणायची. "आम्ही स्लो. आमच्या प्लॅटफॉर्मवर नका थांबू."

"घड्याळ दिसलं नाही का गं तुला?" तुळसाने एकदा सरळ विचारलं.

"दिसलेलं," मालनताई म्हणाल्या. "माझंच भान सुटलं."

एवढंच. मी चार पावलांवर उभा होतो. त्यांनी माझ्याकडे नजरही टाकली नाही. मला वाचवायचं म्हणून नाही, तर नाम घेताना हात धावले त्यात दुसऱ्याचा दोष असेल हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. मी खोक्यांचा हिशोब तपासायचं नाटक करत पुढे गेलो.

त्या गुरुवारी कीर्तनाला बसलो तर सारखं वाटत होतं, आज बुवा माझ्यावरच बोलणार. पण बुवांचं आख्यान भलत्याच विषयावर होतं, लोक पोट धरून हसत होते. शेवटी गजर सुरू झाला. मी पहिल्या ओळीकडे पाहिलं. मालनताईंचे हात पदराखाली होते. लय चढली, सगळं मंदिर टाळ्यांनी भरलं, ते हात बाहेर आले नाहीत. माझा टाळ चुकला. बुवांनी वळून पाहिलं.

दुसऱ्या महिनाअखेरीस हर्षित साहेबांनी यादी दाखवली. सलग दोन महिने नॉर्मच्या फार खाली राहिलेल्यांना कंत्राट पुढे मिळणार नव्हतं. यादीत एकच नाव होतं, तुळसाचं. तिचा उजवा अंगठा वर्षभर नीट वळत नव्हता, हे मला ठाऊक होतं. घरात कमावणारी तीच.

मी तिथेच सांगून टाकलं. टायमिंग खोटं आहे, मी गजर म्हणून हात पळवले, सगळं.

साहेब खुर्चीत पुढे झाले. त्यांचे डोळे चमकले.

"काका, मस्त आहे हे. आधी बोलायचं ना. आपण स्पीकरच लावू. आठ तास भजन चालू. बायका खूश, प्रॉडक्शनपण वर."

राग कुणाचा करणार? ही कल्पना त्यांच्या आधी माझ्याच डोक्यात आलेली.

"साहेब, ते नाव आहे. भोंगा नाही," मी म्हणालो. "परत मोजा. माझे पैसे कापून घ्या."

"दोन्ही महिन्यांचे कापावे लागतील."

"कापा."

दुपारी डब्याच्या वेळी मी बायकांसमोर उभा राहिलो आणि तेच पुन्हा सांगितलं. साहेबांना सांगणं यापेक्षा सोपं होतं. दर्शनाने डब्याचं झाकण लावलं. मग तुळसा म्हणाली, "टाळ कुटणारे लोक लई बघितले. आमच्यातलाच माणूस होतास तू." एवढी वर्षं ती मला अहोजाहो करायची.

मालनताई खाली बघून भाताचे घास करत होत्या.

फेरमोजणीच्या दिवशी तुळसा म्हणाली, "तू बाहेर थांब." मी बाहेर, भरलेल्या खोक्यांच्या थप्पीपाशी थांबलो. साहेबांनी स्वतः मोजलं. आतून फक्त पट्टी फाटण्याचा आवाज येत होता.

चहाच्या सुट्टीत मालनताई बाहेर आल्या.

"एकवीस लावला भाऊ. तुळसाला जमेल."

"मालनताई, माझं फार चुकलं."

"ते झालं." त्यांनी कप धुऊन पालथा ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पण भाऊ, आता बुवांनी गजर धरला ना, की माझे हात खोकं शोधतात. कागद, पुडी, पट्टी. देव समोर असतो आणि मी मोजत असते. त्याला काय करू?"

मी टाळकरी. बारा वर्षं बुवांच्या मागे उभा राहून ऐकलेलं एकही वाक्य मला त्या वेळी आठवलं नाही.

मालनताई उत्तरासाठी थांबल्या होत्या. सुट्टी संपली तशा आत गेल्या.